आभाळ फिरले, म्हणून धरणी हलली?

"अरे, आज हवा बरी नाही. धरणी हलणार बघ!"

आमच्या आत्याचे हे भाकीत मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पवन मावळात डोंगराच्या पायथ्याशी तिचे घर. मी लोणावळ्यास राहतो आणि कॉलेजात मराठी शिकवतो. गेल्या आषाढात तिच्याकडे गेलो असता, तीन दिवस कोसळणारा पाऊस एकाएकी थांबला, वारा पडला आणि सदरा घामाने भिजला. आत्याने लगेच अंथरुणे ओटीवर आणून टाकली.

"सदुसष्ट साली अश्शीच हवा होती," ती म्हणाली.

सदुसष्ट साल म्हणजे कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर कोसळले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि हादरा पुण्यामुंबईपर्यंत पोचला. आत्या तेव्हा बारा वर्षांची होती.

"आत्या, मार्गशीर्षात उकडत होतं?"

"थंडी नव्हती रे त्या रात्री!"

"आणि थंडी नसलेल्या बाकीच्या रात्री? तेव्हा कुठं काय झालं?"

आत्या हसली. वाचकहो, आपल्या सर्वांचाच हिशेब असा असतो. जुळले ते जमेस धरायचे, चुकले ते वहीत लिहायचेच नाही!

तिला दोष तरी कसा द्यावा? वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भूकंपाआधीच्या आठवड्यातील वारा-धुळीची लक्षणे सांगितली आहेत. ॲरिस्टॉटलने तर पृथ्वीच्या पोटात कोंडलेल्या वाऱ्यालाच कारण मानले. पण किल्लारी हादरली ती ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे. भूज हादरले २६ जानेवारी २००१ ला, थंडीतल्या सकाळी. ऋतू निराळे, हवा निराळी. जमिनीखाली काही किलोमीटरांवर ताणलेला खडक जुन्या भेगेवर सरकतो, तेव्हा भूकंप होतो. वरचा उकाडा तिथवर पोचत नाही. मोठ्या वादळाने हवेचा दाब बदलतो, तोही साधारण अर्धा मीटर पाण्याच्या वजनाइतकाच.

पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. कोयनेचे धरण १०३ मीटर उंच. जलाशय भरू लागला आणि तेथे धक्के जाणवू लागले. साठलेले पाणी भेगांत झिरपते, आतला दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक निसटतो. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर तेथील धक्के वाढतात, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. म्हणजे आभाळाचा संबंध लागलाच तर असा, धरणाच्या वाटेने!

"मग आमच्या पवनेच्या धरणाचं काय?" आत्याने अचूक विचारले.

"खाली खडक ताणलेला असेल तरच पाणी निमित्त होतं. देशात हजारो धरणं आहेत, बहुतेकांखाली असं काही झालेलं नाही," असे सांगून मी विजयी मुद्रेने झोपलो.

सकाळी परसात गेलो आणि माझी विद्वत्ता गळाली. घरामागच्या उतारावर हातभर लांब नवी भेग पडली होती. नेहमी स्वच्छ वाहणारा झरा गढूळ झाला होता. मला माळीण आठवले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, आमच्याच पुणे जिल्ह्यात, पावसाने भिजलेला डोंगर त्या गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली इर्शाळवाडीवर असाच घाला पडला. आत्या हवा पाहत होती, मी पुस्तक पाहत होतो. डोंगराकडे कोणीच पाहिले नव्हते!

मुसळधार पावसात उतारावर नवी भेग दिसली, झाडे किंवा विजेचे खांब कलले, दारे-खिडक्या अडकू लागल्या, झरा गढूळला किंवा एकाएकी आटला, तर वाद घालू नये, घर सोडावे. ग्रामपंचायतीस कळवून त्याच दुपारी मी आत्याला लोणावळ्यास आणले. ती वाटभर रडत होती.

दरड आली नाही. घर अजून उभे आहे. पण पुढच्या पावसाळ्यात तिथे राहायचे नाही, असे ठरले आहे. यंदा आत्याची दिवाळी आमच्याकडे. परवा अंगणात पणत्या लावताना ती आभाळाकडे पाहून म्हणाली, "हवा बरी नाही हो!"

मी हसलो नाही. "आत्या, आणि डोंगर?" एवढेच विचारले.