संगणकाचे दोष आणि त्यांची नोंदवही

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क-२' या संगणकाची चाचणी चालू असता ९ सप्टेंबर १९४७ रोजी त्याच्या कामात बिघाड झाला. शोध घेता, 'एफ' फलकावरील ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला आढळला. तंत्रज्ञांनी तो काढून कामाच्या वहीत चिकटपट्टीने चिकटवला, वेळ व ठिकाण लिहिले आणि खराखुरा 'बग' सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग होय, अशा अर्थाचा शेरा मारला. 'बग' म्हणजे किडा. यंत्रातील खोडीला हे नाव देण्याची रीत त्यापूर्वीचीच आहे. एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात हा शब्द याच अर्थाने योजला होता. ती वही पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जतन करण्यात आली.

दोष केव्हा आढळला, कोठे आढळला, कशामुळे उद्भवला आणि त्यास पुरावा कोणता, या चारही गोष्टी त्या एका पानावर आहेत. चांगल्या नोंदीस याहून फारसे काही लागत नाही. परंतु मार्क-२ चे यंत्र व ते चालविणारी माणसे एकाच इमारतीत होती. आजची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, कित्येकदा लक्षावधी ओळींची असते. ती अनेक माणसे मिळून लिहितात आणि वापरणारे लोक दूरदूरच्या गावी असतात. दोष एकाला दिसतो, त्याचे कारण दुसऱ्याच्या कामात असते आणि दुरुस्ती तिसरा करतो. या तिघांना जोडणारी जी व्यवस्था, तिला दोष-नोंद पद्धती किंवा 'बग ट्रॅकिंग' असे म्हणतात.

नोंद नसल्यास काय घडते?

'थेरॅक-२५' हे कर्करोगावर किरणोपचार करणारे, संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्र अमेरिका व कॅनडा येथील रुग्णालयांत बसविण्यात आले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्याने सहा रोग्यांना योग्य प्रमाणाच्या कित्येक पट मारा दिला. त्यांपैकी काही दगावले. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसते की, एका रुग्णालयात घडलेल्या अपघाताची वार्ता दुसऱ्या रुग्णालयास वेळेवर मिळत नव्हती. प्रत्येक ठिकाणी तो प्रसंग एकटादुकटा वाटत राहिला.

मार्च १९८६ मध्ये टेक्सास राज्यातील टायलर येथे असाच अपघात झाला. पडद्यावर 'बिघाड ५४' एवढीच सूचना उमटली होती. तंत्रज्ञांनी यंत्र तपासले. परंतु तो बिघाड त्यांना पुन्हा घडवून आणता आला नाही आणि यंत्र कामास लावले गेले. एप्रिलमध्ये दुसरा रोगी त्यास बळी पडला. तेव्हा तेथील भौतिकशास्त्रज्ञ व यंत्रचालिका यांनी चिकाटीने प्रयोग करून कारण शोधून काढले. उपचाराचा प्रकार टंकताना चूक झाली आणि ती सुमारे आठ सेकंदांच्या आत सुधारली, तर आज्ञावलीला ती सुधारणा उमगत नसे. सावकाश टंकणाऱ्या तंत्रज्ञास जो दोष दिसला नसता, तो सरावाने भरभर टंकणाऱ्या चालिकेच्या हातून प्रकट होत होता. जुन्या यंत्रातील स्वतंत्र सुरक्षा-कळाही या यंत्रातून काढून टाकलेल्या होत्या. त्यामुळे दोषास अडविणारे काहीच उरले नव्हते.

नोंदीची अंगे

रुग्णालयात प्रत्येक रोग्याचा केसपेपर असतो, त्याप्रमाणे प्रत्येक दोषास एक क्रमांक व एक पत्रक असावे. त्यावर एका ओळीचा सारांश, नोंदविणाऱ्याचे नाव, आज्ञावलीची आवृत्ती व यंत्राचा प्रकार, दोष पुन्हा घडविण्याची क्रमवार कृती, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम एवढ्या गोष्टी असाव्यात. यांत कृतीचे महत्त्व सर्वाधिक आहे. 'यंत्र बिघडले' या वाक्याने कोणालाही काही करता येत नाही. 'अमुक अक्षर टंकून आठ सेकंदांच्या आत बदलले' या वाक्याने करता येते.

तीव्रता आणि प्राधान्य हे दोन शब्दही वेगळे ठेवले पाहिजेत. दोषाने किती हानी होते, ही तीव्रता. तो किती लवकर काढावयाचा, हे प्राधान्य. पहिल्याच पानावर संस्थेचे नाव चुकले असेल तर तीव्रता अल्प, पण प्राधान्य मोठे. थेरॅक-२५ वर किरकोळ बिघाडांच्या सूचना इतक्या वारंवार येत की, चालकांना त्यांची सवय होऊन गेली होती. सर्व सूचना सारख्याच दिसू लागल्या म्हणजे घातक सूचनाही त्यांत लपून जाते.

नोंदीचा प्रवास

नोंद प्रथम 'नवी' असते, मग ती एका व्यक्तीकडे 'सोपविली' जाते, पुढे 'सुटली' असे ठरते, दुसरी व्यक्ती ती 'पडताळते' आणि शेवटी ती 'बंद' होते. दोष पुन्हा दिसल्यास तीच नोंद उघडावी. नवी करू नये. प्रत्येक दोष दुरुस्तच होतो असे नाही. 'आमच्याकडे असे घडत नाही' हाही एक रूढ निकाल आहे, आणि टायलरचा अनुभव पाहता तो देताना फार सावध राहावे. एकाच दोषाच्या अनेक नोंदी आल्या तर त्या टाकून न देता मूळ नोंदीस जोडाव्यात. तीन गावांहून एकच तक्रार यावी, हीच मोठी माहिती होय.

लवचीकपणा कोठे असावा?

'बगझिला' ही या कामाची एक प्रसिद्ध आज्ञावली १९९८ साली टेरी वाइसमन यांनी मोझिला प्रकल्पासाठी तयार केली. इतर अनेक संघ ती वापरू लागले, तसतशी एकाची रचना दुसऱ्यास पुरेना. म्हणून २००७ च्या आवृत्तीत स्वतःचे रकाने घालण्याची, तर २००८ च्या आवृत्तीत नोंदीच्या अवस्था व त्यांचा क्रम बदलण्याची सोय झाली. अशा सोयीमुळे पाच जणांचा लहान संघ तीन अवस्थांवर काम भागवू शकतो; वैद्यकीय यंत्रे करणारा संघ 'रोग्यास अपाय संभवतो काय?' हा रकाना आणि सुरक्षा-तपासणीची स्वतंत्र अवस्था घालू शकतो.

परंतु या सोयीचा अतिरेक होऊ नये. ज्या रकान्यावर कोणाचा निर्णय अवलंबून नाही, तो ठेवू नये. पत्रक लांबलचक झाले की, लोक वाटेल ते भरतात किंवा नोंदच करीत नाहीत. उलट, काही नियम मात्र कधीही सैल करू नयेत. दिलेला क्रमांक पुन्हा वापरू नये. जुना मजकूर पुसू नये. प्रत्येक नोंदीस एक नामनिर्दिष्ट जबाबदार व्यक्ती असावी. आणि ज्याने दुरुस्ती केली त्यानेच नोंद बंद करू नये.

आपली पद्धती नीट चालली आहे की नाही, हे पाहण्याचा उपाय सोपा आहे. वर्षापूर्वीचा कोणताही एक क्रमांक काढावा. हा दोष कोणास दिसला, त्याचे पुढे काय झाले आणि ते कोणी पडताळले, या तीन प्रश्नांची उत्तरे कोणासही न विचारता त्या पत्रकावरून मिळाली पाहिजेत. माणसे संघ सोडून जातात, विसरतात, कामाच्या गर्दीत असतात; पुढच्या रोग्याला सावध करण्याचे काम त्यांच्या स्मरणावर सोपविता येत नाही.