अव्यक्त प्रतिमेचे आकर्षण

११ जुलै १८९७ रोजी सालोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबेर्ग आणि क्नुट फ्रेंकेल हे तीन स्वीडिश साहसी प्रवासी हायड्रोजनने भरलेल्या बलूनमध्ये बसून स्वालबार बेटांवरून उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाले. तीन दिवसांतच ते बलून बर्फावर उतरले. पुढचे अडीच महिने त्या तिघांनी कधी पायी चालत, तर कधी वाहत्या हिमखंडावर मुक्काम करीत काढले आणि अखेर क्वितोया नावाच्या निर्जन बेटावर तिघांचाही अंत झाला. जगाला यातले काहीच कळले नाही. तेहतीस वर्षांनंतर, १९३० च्या उन्हाळ्यात, त्या बेटावर पोहोचलेल्या लोकांना त्यांचे अवशेष सापडले. त्यांत रोजनिश्या होत्या, आणि स्ट्रिंडबेर्गने कॅमेऱ्यात टिपलेली, पण कोणीही न धुतलेली फिल्म होती. स्टॉकहोम येथील छायाचित्रणाचे अध्यापक जॉन हेर्त्सबेर्ग यांनी ती ओलसर, डागाळलेली फिल्म अंधाऱ्या खोलीत अत्यंत सावधपणे धुतली. सुमारे २४० चित्रांपैकी ९३ चित्रे हाती लागली. त्यांतील एका चित्रात बर्फावर आडवे पडलेले बलून दिसते, आणि त्याच्याकडे पाहत उभ्या असलेल्या दोन आकृती दिसतात.

तेहतीस वर्षे ते चित्र होते कोठे? ते फिल्मवर होते, पण ते कोणालाही दिसू शकले नसते. सूक्ष्मदर्शकाखाली धरले असते तरी त्या काळच्या शास्त्रज्ञाला प्रकाश पडलेल्या आणि न पडलेल्या फिल्मचा फरक सांगता आला नसता. शास्त्रात अशा चित्राला ‘अव्यक्त प्रतिमा’ म्हणतात. आज प्रत्येक खिशात कॅमेरा आलेला असताना, आणि चित्र काढल्याबरोबर ते काचेवर पाहण्याची सोय असताना, जगात ठिकठिकाणी काही माणसे जुने कॅमेरे जपतात, महाग फिल्म विकत घेतात आणि रात्रीच्या वेळी न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून हात ओले करीत बसतात. त्यांच्या या छंदाचे मर्म या अव्यक्त प्रतिमेत आहे.

ही प्रतिमा तयार कशी होते, हे पाहण्याजोगे आहे. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर चढविलेला जिलेटिनचा पातळ थर. त्या थरात चांदीच्या क्षाराचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, असंख्य सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. कॅमेऱ्याचा पडदा क्षणभर उघडतो आणि प्रकाश आत येतो. ज्या स्फटिकावर प्रकाश पडतो, त्यात शुद्ध चांदीचे अगदी थोडे, बोटांवर मोजता येतील एवढे, अणू एकत्र येतात. स्फटिकातील एकूण चांदीचे अणू अब्जावधी असतात. त्यांच्या मानाने हा ठिपका म्हणजे काहीच नव्हे. तरीही तो ठिपका खुणेचे काम करतो. पुढे फिल्म डेव्हलपरमध्ये बुडविली, की ज्या स्फटिकावर ही खूण आहे तो संपूर्ण स्फटिक काळ्या चांदीत रूपांतरित होतो. ज्यावर ती नाही तो तसाच राहतो. मग हायपोच्या द्रावणात उरलेला क्षार विरघळून जातो आणि चित्र स्थिर होते. जेथे प्रकाश पडला तेथे काळे, जेथे पडला नाही तेथे स्वच्छ; असे हे उलटे चित्र म्हणजे निगेटिव्ह.

हे ज्ञान एका दिवसात आलेले नाही. हायपोमध्ये चांदीचे क्षार विरघळतात, हे इंग्लंडचे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखविले होते. परंतु त्याचा छायाचित्रणाशी संबंध जुळण्यास पुढे वीस वर्षे जावी लागली. हेन्री फॉक्स टॅल्बट यांना आरंभी चित्र डोळ्यांना दिसू लागेपर्यंत कागद कॅमेऱ्यात ठेवावा लागे, आणि त्याला पुष्कळ वेळ लागे. १८४० च्या सप्टेंबरात त्यांच्या ध्यानात आले, की अल्पकाळ प्रकाश दाखविलेल्या, वरकरणी कोऱ्या कागदावरही चित्र दडलेले असते; योग्य रसायनाने ते बाहेर आणता येते. आधुनिक छायाचित्रणाचा पाया या शोधाने घातला गेला. पुढे १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा उपयोग सुचविला. हे जिलेटिन जनावरांची हाडे आणि कातडी यांपासून निघते. सगळे जिलेटिन सारखेच दिसे, पण काहीपासून बनलेली फिल्म चपळ, तर काहीची मंद निघे. कोडॅकच्या प्रयोगशाळेतील सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास याचा उलगडा केला. जनावरांनी चरताना खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींतील गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरत होता, आणि तोच फिल्मला प्रकाशाविषयी तीक्ष्ण संवेदना देत होता. गाईने खाल्लेल्या मोहरीचा चित्रपटगृहातील पडद्याशी असा थेट संबंध असावा, ही गोष्ट मौजेची खरी. पण सृष्टीतील कोणत्या वस्तूचा धागा कोठे जाऊन पोहोचतो, याचेही ते उदाहरण आहे.

आता या रसायनशास्त्राचा छांदिष्टाच्या मनावर काय परिणाम होतो ते पाहावे. पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस चित्रे मावतात. मोठ्या चौकोनी चित्रांच्या रोलमध्ये अवघी बारा. प्रत्येक चित्राला पैसा पडतो आणि एकदा घेतलेले चित्र पुसता येत नाही. त्यामुळे हात आपोआप आवरता होतो. प्रकाश किती आहे याचा अंदाज घ्यावा लागतो, अंतर ठरवावे लागते आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर हवा तो भाव येईपर्यंत थांबावे लागते. बटण दाबल्यानंतरही काय मिळाले हे कळत नाही. ज्याचे चित्र काढले तो ‘दाखवा पाहू’ म्हणून पुढे येतो, तर दाखविण्याजोगे काहीच नसते. कॅमेऱ्याच्या पाठीकडे पाहण्याची सोय नसल्यामुळे छायाचित्रकाराची दृष्टी समोरच्या दृश्यावरच राहते. जे मिळाले त्याची तपासणी करण्यात जो क्षण गेला असता, तो पाहण्यात जातो. फिल्मचे चाहते हाच तिचा पहिला लाभ मानतात.

दुसरा लाभ अंधारखोलीत मिळतो. सर्वसाधारण समजूत अशी, की फिल्म लाल दिव्याखाली धुतात. ते खरे नव्हे. आजची कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशालाही जाणते. म्हणून ती पूर्ण अंधारात, केवळ बोटांच्या स्पर्शाने, चक्रीवर गुंडाळून झाकणाच्या टाकीत घालावी लागते. डोळे उघडे असून उपयोग नाही, अशा त्या दोन-तीन मिनिटांत नवशिक्याला घाम फुटतो. मग डेव्हलपर ओतावयाचा. त्याचे तापमान साधारणतः वीस अंश सेल्सियस असावे लागते, आणि भारतातील उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून पुष्कळ गरम असते. तेव्हा भांड्याभोवती बर्फाचे पाणी ठेवून, उष्णतामापक हाती धरून, मिनिटे मोजावी लागतात. पाणी फार गरम झाले तर जिलेटिन मऊ पडते आणि चित्रावर ओरखडे उठतात. शेवटी टाकी उघडून ओली पट्टी दिव्यासमोर धरली जाते, तेव्हा कित्येक दिवसांपूर्वी पाहिलेले दृश्य, काळ्याचे पांढरे होऊन, प्रथमच दृष्टीस पडते.

लाल दिव्याची पाळी येते ती त्यानंतर, कागदावर प्रिंट काढताना. एन्लार्जरच्या भिंगातून निगेटिव्हची छाया कागदावर पाडावयाची, काही सेकंद मोजावयाची आणि तो कोरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडावयाचा. अर्ध्या मिनिटाच्या आत कागदावर प्रथम केसांची काळी कड, मग डोळे, मग गालावरची छाया उमटू लागते. हे दृश्य ज्याने एकदा पाहिले, त्याला ते सहसा विसरता येत नाही. यातही निवड आहेच. चेहरा अंधारात जात असेल तर प्रकाश चालू असताना तेवढ्या भागावर हाताची सावली धरावी लागते. आकाश फार पांढरे राहत असेल तर त्याला आणखी काही सेकंद प्रकाश द्यावा लागतो. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी तरुणपणी पियानोवादनाची तपश्चर्या केली होती. निगेटिव्ह ही संगीताची लिहिलेली रचना आणि प्रिंट हे तिचे वादन, अशी तुलना ते करीत. मराठी रसिकाला बंदिशीच्या उदाहरणाने ही गोष्ट सहज कळेल. बंदिश तीच असते. पण प्रत्येक मैफलीत ती पुन्हा मांडावी लागते, आणि दोन मैफली कधी अगदी सारख्या होत नाहीत.

महाराष्ट्राच्या इतिहासात या ओल्या हातांच्या कलेला एक मानाचे स्थान आहे. दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक लहानसा चित्रपट तयार केला आणि त्याच्या बळावर आपल्या धाडसासाठी भांडवल उभे केले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांसमोर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे घरातच चालत, आणि त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. एवढ्या माणसांच्या जेवणखाण्याचा भार सांभाळणाऱ्या त्या गृहिणीने ही रासायनिक विद्याही हस्तगत केली. भारतीय चित्रपटाचा जन्म पडद्यावर झाला असे म्हटले जाते. त्याआधी तो एका घरातील अंधारात झाला होता.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मंद प्रकाशात, वेगवान खेळात, बातमीच्या घाईत अंकीय कॅमेरा फिल्मला केव्हाच मागे टाकून गेला आहे. फिल्म खर्चाची आहे, तिच्यातील चूक उशिरा कळते, आणि कधीकधी संपूर्ण रोल वाया जातो. जुने ते सारे सोने, असा ज्यांचा आग्रह असतो, त्यांच्या बोलण्यात अभिनिवेशाचा भाग असतो. तथापि, धुऊन नीट जपलेली कृष्णधवल निगेटिव्ह पाहण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पणजोबांच्या पेटीत सापडलेली पट्टी खिडकीपाशी धरली की पुरे. हा साधेपणा कोणत्याही नव्या साधनाला अद्याप साधलेला नाही.

परंतु या छंदापुढे एक खरे संकट आहे. चित्रकार प्रसंगी स्वतःचे रंग घोटू शकतो. आजच्या दर्जाची फिल्म मात्र कोणा एका माणसाला घरी बनविता येत नाही. तिच्यासाठी संपूर्ण अंधारात चालणारे प्रचंड कारखाने लागतात. ते बंद पडले की कला बंद पडते. कोडॅकने १९३५ मध्ये आणलेली कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म २००९ मध्ये थांबविली. ती धुण्याची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची होती, की शेवटी कॅन्सस राज्यातील पार्सन्स गावी एकच प्रयोगशाळा उरली, आणि तिनेही २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणे थांबविले. त्यानंतर कोणाच्या कपाटात राहिलेल्या कोडॅक्रोमच्या रोलवर चित्रे आहेत, पण त्यांचे रंग बाहेर काढणारी व्यवस्था नाही. भारतातही १९६० मध्ये नीलगिरीतील उदकमंडलम येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला होता. त्याची ‘इंदू’ ही फिल्म अनेक घरांतील लग्नमुंजींची साक्षीदार आहे. तोही कारखाना पुढे तोट्यात जाऊन बंद पडला.

तरी चित्र सर्वस्वी निराशेचे नाही. २००८ मध्ये पोलरॉइडने तत्काळ चित्र देणारी फिल्म बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा नेदरलँड्समधील एन्स्खडे येथील कारखान्याची यंत्रे काही जाणकारांनी आणि जुन्या कामगारांनी मोडीत जाऊ दिली नाहीत. कित्येक मूळ रसायने मिळेनाशी झाली होती. म्हणून त्यांनी फिल्मची घडण नव्याने शोधली आणि २०१० मध्ये ती पुन्हा बाजारात आणली. इंग्लंडमधील मोबर्ली येथील इल्फर्डचा कारखाना २००४ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर होता. तेथील व्यवस्थापकांनीच तो विकत घेऊन चालू ठेवला. कोडॅकने २०१२ मध्ये थांबविलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये परत आली. ग्राहक उरले नसते, तर यांपैकी काहीच घडले नसते.

म्हणून या छांदिष्टांकडे केवळ गतकाळात रमणारी माणसे म्हणून पाहणे योग्य होणार नाही. क्वितोयाच्या बर्फाने ती चित्रे तेहतीस वर्षे सांभाळली. परंतु १९३० मध्ये हेर्त्सबेर्ग यांच्यापाशी ती विद्या नसती, तर त्या सांभाळण्याला काही अर्थ राहिला नसता. घराघरांतील जुन्या कॅमेऱ्यांत आणि डब्यांत अशी किती न धुतलेली फिल्म पडून असेल, कोण सांगू शकेल? आज न्हाणीघरात बर्फाचे पाणी करून फिल्म धुणारा विद्यार्थी स्वतःच्या आनंदासाठीच ते करीत असतो. पण त्याबरोबर ती विद्याही त्याच्या हाती जिवंत राहते.