नाव झाकलेली कथा

संपादकांनी विचारलं, "विज्ञानकथेच्या चाहत्यांचा मेळावा, त्यांचे पुरस्कार, असं आपल्याकडे काही आहे का? यवतमाळकडच्या वाचकाला जवळचं वाटेल असं लिहा." प्रश्न ऐकताच मला आठवली १९७४ सालची एक स्पर्धा.

मराठी विज्ञान परिषदेची स्थापना २४ एप्रिल १९६६ रोजी झाली. शीव-चुनाभट्टीचं विज्ञान भवन हे तिचं आजचं घर. अधिवेशनं, पत्रिका, व्याख्यानं यांबरोबर परिषद विज्ञानकथांची स्पर्धाही घेत आली आहे. १९७४ मध्ये त्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. हे जगताप म्हणजे खरं तर जयंत विष्णु नारळीकर; आद्याक्षरं उलटी लावून घेतलेलं हे टोपणनाव होतं. फ्रेड हॉयल यांच्याबरोबर मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आणि १९६५ चं पद्मभूषण यांमुळे नारळीकर हे नाव तोवर घराघरांत पोचलेलं होतं. त्या नावाचं दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून ही खटपट.

मला जास्त मोह पडतो तो पुढच्या तपशिलाचा. नाव बदललं तरी अक्षर ओळखलं जाण्याची शक्यता होती. म्हणून त्यांच्या पत्नी मंगला नारळीकरांनी ती अख्खी कथा आपल्या हातानं उतरवून काढली. त्या स्वतः गणिताच्या अभ्यासक होत्या. कृष्णविवराजवळ काळ संथ होतो, या कल्पनेला मराठी कथेत जागा मिळावी म्हणून एक गणिती बाई पानामागून पान लिहून काढत बसल्या आहेत, हे चित्र मला फार थोर वाटतं. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात त्या नकलेची नोंद ठळक अक्षरांत व्हायला हवी.

बक्षिसानंतर 'किर्लोस्कर' मासिकाचे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी नारळीकरांकडून आणखी कथा लिहवून घेतल्या. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे यांनी पुढे हा प्रांत मोठा केला. १९७९ च्या 'यक्षांची देणगी'नं तर शाळकरी पोरांनाही वेड लावलं. आणि २०२१ च्या नाशिक संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे आलं. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष हजर राहता आलं नाही, पण विज्ञानलेखक त्या पदावर बसला.

परदेशातली रीत निराळी. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथेच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं आणि १९५३ पासून ह्युगो पुरस्कार सुरू झाला. संमेलनाची वर्गणी भरणारा साधा वाचकही तिथे मत देतो. आपल्याकडे परीक्षक ठरवतात, तिकडे वाचक. मतदानाला कीड लागत नाही असं नाही: २०२३ च्या चेंगडू संमेलनात काही कलाकृती आणि लेखक कारण न देता अपात्र ठरवले गेले आणि जगभर गदारोळ उठला.

मतदानाचा हाच पेच यवतमाळशीही जोडलेला आहे. इथे १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं. त्यानंतर थेट जानेवारी २०१९ मध्ये ब्याण्णवावं संमेलन भरलं. अध्यक्ष मतदानानं निवडायची जुनी पद्धत साहित्य महामंडळानं मोडली आणि नव्या पद्धतीनं आलेल्या पहिल्या अध्यक्ष अरुणा ढेरे यवतमाळच्या मंचावर बसल्या. निवडणुकीची धुळवड थांबली, हे बरंच झालं. पण उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यानं त्याच संमेलनाला गालबोट लागलं. उद्घाटन अखेर वैशाली येडे यांनी केलं. त्या याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. ते उद्घाटन मला त्या संमेलनातलं सगळ्यांत खरं वाटतं.

मग इथे विज्ञानकथेचा मेळावा का भरू नये? विषय तर वावरात उभे आहेत. बीटी कपाशी आली तीच मुळी बोंडअळीवरचा उपाय म्हणून. पुढे गुलाबी बोंडअळीनं त्या बीटीलाही दाद दिली नाही. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत माणूस पाठीवर पंप घेऊन शिरतो, फवारा तोंडावरच उडतो, नोझल तुंबलं की ते तोंडानं फुंकून मोकळं करतो. त्याच्या पुढच्या वर्षी राळेगाव-पांढरकवडा भागातल्या नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीच्या मागावर ड्रोन फिरले, तिला हुडकायला परदेशी अत्तराचा वास वापरला गेला, आणि २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घातली गेली. हे कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकानं 'अतिरंजित' म्हणून परत पाठवलं असतं.

अडचणी मात्र ढीगभर आहेत. पहिली पैशाची. संमेलन म्हटलं की मांडव आला, मांडवामागून देणगीदार आणि देणगीदारामागून मंचावरची खुर्ची. लेखक तिसऱ्या रांगेत. दुसरी नियतकालिकांची. नव्या लेखकाची कथा वाचून 'आणखी लिहा' म्हणणारा मुकुंदरावांसारखा संपादक नसेल, तर बक्षीस मिळालेली कथा तिथेच संपते. दिवाळी अंक आहेत, पण ते वर्षातून एकदा, आणि झरी-जामणी किंवा उमरखेडच्या आतल्या गावांत कितीसे पोचणार?

तिसरी अडचण मला सगळ्यांत जड वाटते. वाचकानं मत द्यायचं तर त्यानं आधी सगळ्या कथा वाचलेल्या हव्यात. नाही तर ज्याचे गाववाले जास्त, त्याचाच पुरस्कार. यावर मला एकच मार्ग दिसतो. अंतिम फेरीतल्या पाच-सहा कथांची एक स्वस्त पुस्तिका छापावी, तीही लेखकांची नावं झाकून, आणि जिल्ह्यातल्या 'क' आणि 'ड' वर्गाच्या ग्रंथालयांतही ती ठेवावी. वाचायला महिना-दोन महिने द्यावेत. मतपत्रिका ग्रंथपालाकडेच भरून घ्यावी, आणि कथा का आवडली याच्या दोन ओळी तीवर मागाव्यात. परीक्षकांचा निकाल वेगळा, वाचकांचा वेगळा. दोन्ही एकाच दिवशी जाहीर करावेत आणि नावं त्यानंतरच उघडावीत.

तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथपालाला हे जास्तीचं काम आहे. त्याचं मानधन पुरस्काराच्या रकमेच्या आधी ठरायला हवं.