गुडघा बदलायला लोधीपुऱ्याहून निघताना

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात दर्गाह-ए-हकीमी आहे. तिथे दुरून-दुरून बोहरा भाविक येतात. इथल्या माणसाला गुडघा बदलायचा असला की प्रवास उलट दिशेने होतो. कुणी जळगाव गाठतं, कुणी इंदूर. ऑपरेशन तिकडे होतं आणि चार-पाच दिवसांत रुग्ण घरी परततो. गुडघा खरा बरा होतो तो घरीच, पुढच्या तीन महिन्यांत. म्हणूनच उपचारांचा ठरलेला क्रम कागदावर लिहून रुग्णासोबत घरी यायला हवा.

हा क्रम आला कुठून

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांना १९९०च्या दशकात एक प्रश्न पडला. ऑपरेशन चांगलं होऊनही रुग्ण इतके दिवस अंथरुणात का? त्यांनी आधी पोटाच्या ऑपरेशनांत आहार, भूल, वेदना आणि हालचाल यांचा एकत्र विचार केला. पुढे तीच पद्धत सांध्यांसाठीही आली. क्रम लिहून ठेवल्याने काय साधतं, हे आणखी एका ठिकाणी दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये ऑपरेशन थिएटरसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी काढली. दिल्लीसह आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. उत्तम डॉक्टरच्या हातूनही एखादी गोष्ट राहून जाऊ शकते. लिहिलेला क्रम ती राहू देत नाही.

तारीख घेण्याआधी

घाई करू नका. गुडघा बदलणं सहसा तातडीचं नसतं, त्यामुळे आधी शरीर तयार करायला वेळ मिळतो. तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून ती आटोक्यात आणायची. रक्त कमी असेल तर ते वाढवायचं. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायावरची जखम आधी बरी करून घ्यायची, कारण तिथले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. तंबाखू आणि बिडी बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील. घरात कमोडची सोयही याच काळात करून ठेवावी.

हॉस्पिटलात

चीर देण्याआधी तासाभराच्या आत प्रतिजैविकाचं इंजेक्शन, रक्तस्राव कमी करणारं औषध, बहुतेकदा कमरेखालची भूल आणि वेदना मारणारं नसेजवळचं इंजेक्शन (ब्लॉक). तब्येत साथ देत असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी वॉकर धरून उभं करतात. घरचे धास्तावतात, पण चालण्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी होतो.

घरी आल्यावर

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि तोही मायेपोटी. आई कण्हते म्हणून सून गुडघ्याखाली उशी सरकवते. आईला बरं वाटतं, पण गुडघा तसाच वाकलेला राहायची सवय लागते आणि मग तो पूर्ण सरळ होत नाही. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने खाली जातो. मांडी आवळून तो गादीकडे दाबायचा आणि थोडं थांबून सोडायचा. दिवसातून अनेकदा. दोन आठवड्यांत साधारण काटकोनापर्यंत वाकवणं हे पहिलं लक्ष्य. व्यायामाच्या थोडं आधी वेदनाशामक गोळी घेतली तर व्यायाम नीट जमतो.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. पोटरी सुजून दुखू लागली की घरात तेलाची वाटी निघते. चोळू नका! आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशी सूज असेल, टाक्यांतून पाणी येत असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर जवळच्या इमर्जन्सीत न्या. जळगावच्या तारखेची वाट पाहू नका.

मांडी घालणं आणि उकिडवं बसणं बहुतेक सर्जन टाळायलाच सांगतात. नमाज असो की देवपूजा, खुर्चीवर बसून करावी.

डिस्चार्जचा कागद बहुधा इंग्रजीत असतो. हॉस्पिटल सोडण्याआधीच नर्सला समोर बसवून तो मराठीत किंवा हिंदीत समजून घ्या. गोळ्या आणि व्यायाम वेळेसकट लिहून घ्या. बऱ्हाणपुरातल्या ज्या फिजिओथेरपिस्टकडे जाणार, त्यांचा सर्जनशी एकदा फोन जोडून द्या.

पैसा आणि स्टिकर

ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा. आयुष्मान कार्ड राज्याची हद्द ओलांडूनही चालतं, आणि ७० वर्षं किंवा त्याहून मोठ्यांना ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्नाची अट नाही. मात्र तुम्ही निवडलेलं हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे का आणि हे ऑपरेशन तिथे योजनेत होतं का, हे निघण्याआधी विचारा.

इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या आणि त्यांचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्ये ठेवा. बदललेले बरेच गुडघे वीस-पंचवीस वर्षं टिकतात. पुढे कधी तो पुन्हा उघडायची वेळ आली, तर आत कोणत्या कंपनीचा कोणत्या मापाचा भाग आहे, हे नव्या सर्जनला त्या स्टिकरवरूनच कळेल.