गोमाशीचा दंश

पावसाळ्यात पाणथळ कुरणात चरणारी गाय अकस्मात कातडी थरथरवते, शेपटी आपटते, पाय झाडते. तिच्या पाठीवर बसलेली, राखी रंगाची आणि मोठ्या डोळ्यांची दणकट माशी म्हणजे गोमाशी होय. घोड्यांनाही ती तितकीच छळते.

गोमाशीचा नर फुलांतील मधुरसावर जगतो. रक्त शोषते ती केवळ मादी, कारण अंडी पक्व होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. पाण्यावर झुकलेल्या पानांवर ती पुंजक्याने अंडी घालते. अळ्या खाली चिखलात पडतात व तेथील लहान जीवांवर उपजीविका करतात. पूर्व विदर्भासारख्या तळ्यांच्या आणि भातशेतीच्या प्रदेशात अशा जागा विपुल आहेत.

डास आपल्या सुईसारख्या सोंडेने नकळत रक्त घेतो. गोमाशी मात्र पात्यांसारख्या मुखांगांनी कातडी कापून साचलेले रक्त टिपते. वेदनेने जनावर तिला हाकलते आणि अर्धपोटी उठलेली माशी शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. खरा अनर्थ येथेच घडतो. पहिल्या जनावराला सर्रा हा रोग असेल, तर मुखांगांना लागलेल्या रक्ताबरोबर त्याचे परजीवी दुसऱ्याच्या शरीरात शिरतात. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने तत्कालीन पंजाबात घोडे व उंट यांच्या रक्तात हे परजीवी प्रथम पाहिले. घोडा या रोगाने पुष्कळदा दगावतो. गायी-म्हशींत मात्र लक्षणे अनेकदा सौम्य असतात, आणि म्हणूनच त्या रोगाचा साठा ठरतात.

सर्रा माणसाला होत नाही, अशी समजूत होती. परंतु २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील, वरचेवर ताप येणाऱ्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हेच परजीवी आढळले. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. या परजीवींना मारणारे एक प्रथिन बहुतेक माणसांच्या रक्तात असते. त्याच्या रक्तात ते नव्हते, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले.

चिखलातील अळ्यांचा नायनाट करणे जवळजवळ अशक्य आहे. तथापि, गोमाशीच्या मुखांगांवर परजीवी थोडाच वेळ जिवंत राहतात. दोन जनावरांत सुमारे ५० मीटर अंतर असल्यास हाकललेली माशी बहुधा पहिल्याच जनावराकडे परतते. त्यामुळे आजारी जनावर कळपापासून दूर बांधावे व पशुवैद्याकडून त्याचे रक्त तपासून घ्यावे. गोमाशी अंधाऱ्या गोठ्यात सहसा शिरत नाही. भर उन्हाच्या वेळी जनावरे आत बांधल्यास दंश पुष्कळ कमी होतात.