नांदूर मध्यमेश्वरची प्रेक्षकमंडळी

निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमापाशी इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून जी उथळ पाणथळ भूमी निर्माण झाली, आणि जिला २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र होण्याचा मान मिळाला, त्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात हिवाळ्यात जमणारी माणसेही पक्ष्यांइतकीच निरीक्षणीय असतात.

चापडगावच्या निरीक्षण-मनोऱ्यावर चढताच रोहित पक्ष्यांची चौकशी करणारा, आणि ते आज नाहीत असे कळताच समोर चक्रवाक, तलवार बदके व जांभळ्या पाणकोंबड्या यांचा भरदरबार चालू असूनही न्याहारीच्या बंदोबस्ताला लागणारा एक वर्ग आहे, तो निरुपद्रवी. थवा उडताना छायाचित्र चांगले येते म्हणून टाळ्या पिटणारा दुसरा वर्ग मात्र मला मुळीच क्षम्य वाटत नाही, कारण हजारो कोस ओलांडून आलेल्या पक्ष्याने परतीच्या प्रवासासाठी अंगी साठवलेली चरबी अशा प्रत्येक उड्डाणात नाहक खर्ची पडते.

पहिल्या वर्गाविषयी मात्र मी आशावादी आहे: स्थानिक मार्गदर्शकाने दुर्बीण नीट रोखून एखादे तलवार बदक दाखवले, की न्याहारी बहुधा लांबणीवर पडते. तेव्हा जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भल्या पहाटे, मार्गदर्शक घेऊनच जावे.