तांबडी वाइन आणि आपलें ताट

श्रोतेहो, वाइनचें नांव काढतांच कांहीं घरांत भुवया उंचावतात, हें मी जाणतों. वाइन प्यावी असें सांगण्यास मी येथें आलों नाहीं. जो पीत नाहीं त्याचें कांहींएक बिघडत नाहीं. परंतु नाशिकच्या द्राक्षांची तांबडी वाइन आतां शहरांतील पुष्कळ घरीं पाहुण्यांसमोर येते, आणि तिच्या शेजारीं जें अन्न वाढलें जातें तें बहुधा तिच्याशीं वैर धरणारें असतें. मग यजमान म्हणतो, "वाइन तुरट निघाली." दोष वाइनचा नसतो, ताटाचा असतो.

काळ्या द्राक्षाचा दाणा पिळून पाहा. बहुतेक जातींचा रस फिकटच निघतो. रंग असतो तो सालींत. म्हणून तांबड्या वाइनसाठीं रस साली व बिया यांसह कित्येक दिवस आंबवितात, आणि रंगाबरोबर टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य त्यांत उतरतें. हिरडा चघळल्यावर जीभ आखडते, कोरा कडक चहा घेतल्यावर तोंड कोरडें पडतें, तें याच कुळांतील द्रव्यांचें काम. टॅनिन लाळेंतील प्रथिनांना चिकटतें आणि जिभेला खरखर लागते. चहांत दूध घालतांच ती उतरते, कारण टॅनिनला चिकटावयास दुधांतील प्रथिनें मिळतात. मांसाची गोष्ट तीच.

याचें उत्तम उदाहरण दूर दक्षिण अमेरिकेंत सांपडतें. आर्जेंटिना देशांत अँडीज पर्वताच्या पायथ्याशीं मेंडोझा नांवाचा प्रांत आहे. पाऊस अगदीं थोडा. बर्फाचें पाणी पाटांनीं आणून मळे पिकवितात. मूळची फ्रान्समधील माल्बेक ही द्राक्षजात 1853 सालीं पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञानें तेथें नेली, आणि आज ती माहेरापेक्षां सासरींच अधिक नांदते. तिची दाट, जांभळट वाइन तेथील लोक निखाऱ्यावर भाजलेल्या गोमांसाबरोबर घेतात. त्या मांसाला मसाला असा नसतो, मीठच काय तें. मांसांतील प्रथिनें व चरबी टॅनिनची धार बोथट करितात आणि घोट मऊ लागतो.

आपल्याकडे ही जोडी आयती नाहीं. नाशिकच्या 'सुला'ची पहिली वाइन 2000 सालची, राज्य सरकारचें द्राक्षप्रक्रियेचें धोरण 2001 चें. कांदालसूण मसाला मात्र आजीच्या हातचा. (आमच्या शेजारच्या तासगांवचीं हिरवीं, बिनबियांचीं द्राक्षें खाण्याचीं आणि बेदाण्याचीं, त्यांतून तांबडी वाइन होत नाहीं.)

आतां कोरेगांवचा मटणाचा रस्सा घ्या. मटण आहे, तेव्हां जमेल असें वाटतें. पण मिरची आड येते. मिरचीचा दाह आणि मद्यार्काचा दाह हे दोन्ही जिभेंतील त्याच मज्जातंतूंना चेतवितात. झणझणीत रश्शावर शेकडा 14 मद्यार्काची शिराझ म्हणजे आगींत तेल, आणि वर भाजल्या जिभेवर टॅनिनची खरखर. ठेच्याची तर गोष्टच नको.

त्याऐवजीं मटण सुकें करावें. भाजलेलें खोबरें व काळीं मिरीं पुढें, लाल तिखट मागें. शिराझला स्वतःलाच मिऱ्यांचा किंचित् वास असतो, म्हणून ती येथें बरी खुलते. शाकाहारी घरांत माझी शिफारस आमच्या तालुक्याच्या वाघ्या घेवड्याची. हा पट्ट्यापट्ट्यांचा घेवडा शिजून दाट होतो, त्यांत प्रथिनें भरपूर. तिखट निम्मे करून वर तुपाची धार सोडली कीं मांसाचें बरेचसें काम तो करतो. चुलीवर भाजलेल्या वांग्याचें भरीतहि चालतें. पुरणपोळी मात्र दूर ठेवावी, कारण पुरणाच्या गोडीपुढें कोरडी वाइन नुसती आंबट लागते. मासेहि नकोत, वाइनमधील लोहामुळें त्यांचा वास उग्र होतो.

शेवटीं उष्णतेविषयीं. तांबडी वाइन 'खोलीच्या उष्णतेवर' द्यावी असें पुस्तकांत असतें. ती खोली युरोपांतील, 16 ते 18 अंशांची. एप्रिलमधील कोरेगांवची नव्हे! बाटली उघडण्यापूर्वीं अर्धा-पाऊण तास शीतकपाटांत ठेवावी, नाहींतर मद्यार्क आधीं नाकालाच झोंबतो.